सेव्ह केल्यानंतर काय व्हावं?

१९७६ साली बेल लॅब्जमध्ये स्टीव्ह जॉन्सन या संगणकतज्ज्ञांची एक अख्खी सकाळ वाया गेली. 'याक' हे गाजलेलं साधन लिहिणारे ते हेच जॉन्सन. ते एका प्रोग्राममधली चूक शोधत होते आणि ती काही केल्या सापडत नव्हती. सापडणार तरी कशी? चूक त्यांनी आधीच दुरुस्त केली होती. दुरुस्त केलेली फाइल पुन्हा कंपाइल करायची तेवढी राहून गेली होती, त्यामुळे चालत होता तो जुनाच प्रोग्राम. वैतागून ते सहकारी स्टुअर्ट फेल्डमन यांच्या खोलीत आले. फेल्डमन यांनीही आदल्या संध्याकाळी असाच ताप भोगला होता. त्या दोघांच्या बोलण्यातून एक कल्पना निघाली, आणि त्याच शनिवार-रविवारी फेल्डमन यांनी 'मेक' नावाचं साधन लिहून काढलं. २००३ साली त्यासाठी त्यांना एसीएम या संस्थेचा सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार मिळाला. 'मेक' आजही जगभर रोज चालतं.

ही गोष्ट बहुधा 'मेक'चं कौतुक म्हणून सांगितली जाते. मला तिच्यात जास्त महत्त्वाचं वाटतं ते जॉन्सन यांचं हरणं. त्यांच्या बुद्धीत काही कमी नव्हतं, भाषेवर आणि यंत्रावर त्यांची हुकमत होती. कमी पडली ती स्मरणशक्ती, आणि तीही एका क्षुल्लक गोष्टीपुरती. प्रोग्रामिंगमध्ये वाया जाणारे कितीतरी तास असेच जातात. गोष्ट अवघड असते म्हणून ते जात नाहीत. सोपी गोष्ट करायची राहून गेली, हे लक्षात येत नाही म्हणून जातात.

'मेक'ने केलं ते एवढंच: कोणती फाइल कोणत्या फाइलींवर अवलंबून आहे ते एकदा लिहून द्या, मग ते साधन प्रत्येक फाइल शेवटची कधी बदलली ती वेळ बघतं, आणि तयार झालेली वस्तू तिच्या मूळ फाइलीपेक्षा जुनी असेल तर ती नव्याने बनवतं. बाकीच्यांना हात लावत नाही. 'काय काय पुन्हा करायचं' हा भार माणसाच्या डोक्यावरून उतरला. 'कधी करायचं' हा मात्र तिथेच राहिला, कारण 'मेक' स्वतःहून उठत नाही, त्याला हाक मारावी लागते. पुढच्या चाळीस-पन्नास वर्षांत त्या 'कधी'वरही बरंच काम झालं. आज पुण्यातल्या हिंजवडीत किंवा बंगळुरात बसलेला प्रोग्रामर फाइल सेव्ह करतो आणि पापणी लवायच्या आत मागे तीन-चार कामं सुरू होतात: टाइप तपासले जातात, टेस्ट धावतात, सर्व्हर नव्याने उभा राहतो, ब्राउझरमधलं पान ताजं होतं. त्याने कोणालाही काही सांगितलेलं नसतं. फाइल बदलली, एवढंच पुरेसं असतं.

मी या पद्धतीच्या बाजूचा आहे, आणि अर्ध्या मनाने नाही. पण हिची एक हद्द आहे, ती रोज ओलांडली जाते, आणि ओलांडताना कोणाला चुकल्यासारखंही वाटत नाही, याची मला काळजी वाटते. माझं म्हणणं थोडक्यात असं: आठवण ठेवणं यंत्राला द्यावं, निर्णय घेणं देऊ नये. सेव्ह झाल्यावर तपासणी आपोआप व्हावी. जिचा परिणाम परत फिरवता येत नाही अशी कृती आपोआप होऊ नये.

आधी बाजू का घ्यायची ते सांगतो.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हा संगणक आला. देशभरातल्या संशोधकांची कामं त्यावर चालत. प्रोग्राम कार्डांवर छिद्रं पाडून लिहायचा, कार्डांचा गठ्ठा खिडकीवर द्यायचा आणि निकालाचा कागद हाती येईपर्यंत वाट पाहायची. स्वल्पविराम चुकला असेल तर ते त्या कागदावरूनच कळायचं. तोवर माणूस दुसऱ्या कामाला लागलेला असायचा, आणि आपण नेमका काय विचार करून ती ओळ लिहिली होती ते पुन्हा आठवावं लागायचं. चूक घडणं आणि चूक कळणं यांमधलं हे अंतर खरं महाग असतं. यंत्राचा वेळ त्या मानाने स्वस्त.

या अंतराची मोजदाद एमआयटीमध्ये डेव्हिड सॅफ आणि मायकल अर्न्स्ट यांनी २००३ च्या सुमारास केली. खरोखर सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांच्या कामाच्या नोंदी तपासून त्यांनी दाखवलं की टेस्टसाठी थांबण्यात आणि टेस्ट न केल्यामुळे चूक उशिरा कळण्यात मिळून कामाचा १० ते १५ टक्के वेळ वाया जातो. त्यावर त्यांनी उपाय सुचवला तो पार्श्वभूमीला सतत टेस्ट चालवत राहण्याचा. पुढच्या वर्षी त्यांनी विद्यार्थ्यांवरच्या नियंत्रित प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्यांच्याकडे सतत टेस्ट चालवणारं साधन होतं त्यांनी मुदतीच्या आत काम पूर्ण करण्याची शक्यता, ते नसलेल्यांच्या तुलनेत तिप्पट निघाली. ज्यांच्याकडे नुसतं आपोआप कंपाइल करणारं साधन होतं, त्यांची दुप्पट.

त्या प्रयोगातला दुसरा निष्कर्ष मात्र सहसा कोणी सांगत नाही, आणि मला तो पहिल्यापेक्षा मोलाचा वाटतो. कामावर घालवलेल्या तासांत काही ठळक फरक पडला नव्हता. म्हणजे हे साधन वेळ वाचवतं म्हणून चांगलं, हा नेहमीचा दावा त्या आकड्यांवर उभा राहत नाही. माणसं तेवढेच तास बसली, फक्त त्यांतली जास्त जणं शेवटाला पोहोचली. माझा अर्थ असा की चूक ताजी असताना कळली, ती ओळ लिहिण्यामागचा विचार अजून डोक्यात असताना कळली, म्हणून ती माणसं भलत्या वाटेने लांब गेली नाहीत. आपोआप चालणाऱ्या टेस्टची बाजू मांडताना व्यवस्थापकांना तास वाचतील असं सांगणं सोपं असतं. खरं कारण सांगावं: काम पुरं होतं.

या पद्धतीवर एक जुना आणि गंभीर आक्षेप आहे. तो घेणारी माणसं आळशी किंवा जुनाट नाहीत. संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा आयुष्यभर सांगत राहिले की प्रोग्राम आधी डोक्यात सिद्ध व्हायला हवा, चालवून बघून सुधारत जाणं ही त्याची रीत नव्हे. कार्डांच्या काळातल्या माणसांना कागदावर प्रोग्राम चालवून बघायची सवय होती, कारण यंत्राची पाळी दुर्मीळ होती. आता उत्तर क्षणात मिळतं, तर विचार कशाला करायचा? काहीतरी बदल, सेव्ह कर, लाल दिसलं तर आणखी काहीतरी बदल, हिरवं झालं की पुढे जा. असं काम करणारी मुलं मी पाहिली आहेत आणि आक्षेपातला राग मला समजतो.

पण हा दोष पहारा ठेवणाऱ्या यंत्राचा नाही, त्याला काय विचारायला सांगितलंय त्याचा आहे. टेस्ट आधी विचारपूर्वक लिहिलेली असेल, तर विचार तिथे झालेला असतो; यंत्र फक्त तोच प्रश्न न कंटाळता पुन्हा पुन्हा विचारतं. टेस्टच नसतील, आणि सेव्ह केल्यावर फक्त ब्राउझरमधलं पान ताजं होत असेल, तर 'पान दिसलं' हीच बरोबर असण्याची कसोटी होऊन बसते. अशा ठिकाणी आक्षेप शंभर टक्के खरा आहे. म्हणून नुसत्या ताज्या होणाऱ्या पानाला मी तपासणी मानत नाही. ती सोय आहे, रंग-मांडणीच्या कामात फार उपयोगाची सोय आहे, पण तेवढ्यावर विसंबणारा गट टेस्ट चालवत नाही, तो आरशात बघतो.

आता जरा यंत्राच्या पोटात शिरायला हवं, कारण 'फाइल बदलली की' हे शब्द ऐकायला जितके सरळ आहेत तितकी ती गोष्ट सरळ नाही.

फाइल बदलली हे कळण्याच्या दोन रीती. एक म्हणजे ठरावीक वेळाने सगळ्या फाइलींच्या वेळा तपासत राहणं. सोसायटीचा रखवालदार दर तासाला सगळ्या मजल्यांवर फेरी मारतो, तसं. हे भरवशाचं, पण हजारो फाइली असल्या की प्रोसेसर आणि बॅटरी दोन्ही खाणारं. दुसरी रीत म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यालाच, कर्नललाच, सांगून ठेवणं की अमुक जागी काही हललं तर कळव. लिनक्समध्ये आधी 'डीनोटिफाय' होतं. ते फक्त फोल्डरवर लक्ष ठेवायचं आणि त्यासाठी ते फोल्डर सतत उघडं धरून ठेवायचं, त्यामुळे लक्ष ठेवलेली सीडी किंवा पेनड्राइव्ह बाहेर काढणं अडायचं. २००५ साली लिनक्सच्या २.६.१३ या आवृत्तीत 'आयनोटिफाय' आलं आणि ती अडचण गेली. फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये 'केक्यू' २००० सालीच आलं होतं. ॲपलने २००७ च्या लेपर्ड या मॅकच्या आवृत्तीबरोबर 'एफएसइव्हेंट्स' बाहेरच्या प्रोग्रामरांना खुलं केलं. आज आपण वापरतो ती बहुतेक साधनं, मग ती जावास्क्रिप्टची असोत, रूबीची की पायथनची, याच यंत्रणांच्या खांद्यावर उभी आहेत.

आणि या यंत्रणा खोटं बोलू शकतात. खरं तर गप्प राहतात, पण ज्याचं कामच कळवणं आहे त्याने गप्प राहणं म्हणजे खोटं बोलणंच.

आयनोटिफाय एका फोल्डरच्या पोटातल्या फोल्डरांकडे आपणहून बघत नाही, प्रत्येकासाठी वेगळी नोंद करावी लागते. एका वापरकर्त्याला किती नोंदी करता येतील याची मर्यादा कित्येक वर्षं बहुतेक यंत्रांवर ८,१९२ होती. जावास्क्रिप्टच्या एखाद्या मध्यम प्रकल्पात उसन्या घेतलेल्या पॅकेजांचीच हजारो फोल्डरं असतात, तेव्हा ही मर्यादा सहज संपायची. संपल्यावर कर्नल जो संकेत देतो त्याचा नेहमीचा मजकूर 'डिस्कवर जागा शिल्लक नाही' असा आहे. किती नवख्या मुलामुलींनी तो वाचून लॅपटॉपवरचे सिनेमे आणि फोटो पुसले असतील! डिस्क अर्धी रिकामी असते, संपलेली असते ती नोंदींची मर्यादा. २०२१ च्या ५.११ या कर्नलपासून ती मेमरीच्या प्रमाणात वाढती केली गेली, दहा लाखांच्याही वर जाऊ शकते. त्यासाठी पंधराहून जास्त वर्षं लागली.

एडिटरचंही वेगळं असतं. आपल्याला वाटतं सेव्ह म्हणजे फाइलीत नवा मजकूर लिहिला गेला. व्हिमसारखा एडिटर मात्र अनेकदा जुनी फाइल बाजूला सारतो आणि त्याच नावाची नवी फाइल लिहितो, म्हणजे मधेच वीज गेली तरी काहीतरी शाबूत राहावं. रीत शहाणपणाची आहे. पण ज्या साधनाने जुन्या फाइलीवर नजर लावून ठेवलेली असते, ते त्या बाजूला सारलेल्या फाइलीकडेच बघत बसतं. पहिल्या सेव्हला टेस्ट धावते, दुसऱ्यापासून धावत नाही. शिवाय या फोल्डरमध्ये लिहिता येतं का हे बघायला व्हिम '४९१३' नावाची फाइल क्षणभर तयार करून लगेच पुसतो. पहारेकऱ्याला तीही दिसते आणि तो नसलेल्या फाइलीमागे धावतो. नेटवर्कवरच्या ड्राइव्हवर दुसऱ्या यंत्राने केलेला बदल आयनोटिफायला कळतच नाही. आणि एकदम फार बदल झाले तर कळवण्याची रांगच भरून जाते, मग पुढचे बदल गळतात.

वेळ बघण्याच्या जुन्या रीतीतही फट आहे. पेनड्राइव्हवर चालणारी फॅट ही पद्धत फाइल बदलल्याची वेळ दोन सेकंदांच्या टप्प्यानेच नोंदवते, लिनक्सची जुनी ईएक्सटी३ एका सेकंदाच्या. त्या एका टप्प्यात दोन बदल झाले तर दोघांची वेळ सारखीच दिसते. कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटने ही फट ओळखली आहे: शंकेला जागा असेल तिथे तो वेळेवर विश्वास न ठेवता फाइलीतला मजकूरच ताडून बघतो. बेझलसारखी नंतरची साधनं बदल ओळखायला मजकुराचा ठसाच वापरतात.

हे सगळं इतकं सांगायचं कारण आहे. जो माणूस हाताने टेस्ट चालवतो, त्याला आपण शेवटची कधी चालवली हे निदान अंधुक तरी आठवतं. ज्याने ते यंत्रावर सोपवलं, त्याने ती आठवण सोडून दिलेली असते, आणि तीच तर या सोयीची किंमत. मग यंत्र एकदा जरी गप्प राहिलं तरी तो हिरव्या खुणेकडे बघत पुढे जातो, आणि त्याची अवस्था बरोबर १९७६ मधल्या जॉन्सन यांच्यासारखी होते: समोर चालतंय ते वेगळं, मनात आहे ते वेगळं. म्हणून माझं मत असं, की जे साधन मागे पडल्यावर ते कबूल करत नाही, ते कितीही वेगवान असलं तरी वापरू नये. याबाबतीत मला फेसबुकने २०१३ साली खुल्या केलेल्या 'वॉचमन'चा आदर वाटतो. रांग भरून बदल गळले असं कळलं की ते फोल्डरांचं सगळं झाड पुन्हा मुळापासून चाळतं आणि तशी सूचनाही देतं. ॲपलची यंत्रणाही कधी कधी सांगते की नेमकं काय बदललं ते माझ्याकडे नाही, हे फोल्डर तूच आतपर्यंत बघ. अज्ञान मान्य करणारं यंत्र ही छोटी गोष्ट नाही.

वॉचमनकडून शिकण्यासारखं आणखी एक आहे. गिटमध्ये शाखा बदलली की एका दमात शेकडो फाइली बदलतात. अशा वेळी पहिल्याच फाइलीला टेस्ट सुरू झाली तर ती अर्ध्या जुन्या, अर्ध्या नव्या प्रकल्पावर चालेल आणि तिचा निकाल निरर्थक असेल. वॉचमन बदल शांत होईपर्यंत थोडं थांबतं, आणि गिट किंवा मर्क्युरिअलचं काम चालू असल्याची खूण दिसत असेल तर ती जाईपर्यंत दम धरतं. सगळ्या साधनांत असं काहीतरी असतं, पण प्रकल्पाला लावताना ते बघून घेणारे कमी. 'लगेच' हा गुण असला तरी 'पुरतं झाल्यावर' हा त्याहून मोठा गुण आहे.

इथवर तपासणीबद्दल बोललो. आता कृतीकडे वळतो, कारण भांडण तिथे आहे.

सेव्ह केल्यावर काय काय चालावं याची यादी एकदा सुरू झाली की ती वाढत जाते. आधी टेस्ट. मग कोडची मांडणी नीट करणारा फॉर्मॅटर. मग नियमबाह्य ओळी स्वतःच दुरुस्त करणारा लिंटर. मग डेटाबेसचा आराखडा बदलणारी आज्ञा, कारण ती सारखी हाताने द्यायचा कंटाळा येतो. मग चाचणीच्या सर्व्हरवर नवी आवृत्ती चढवणं. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीपेक्षा किंचितच पुढची वाटते. कुठे थांबायचं?

फॉर्मॅटरपर्यंत जायला माझी हरकत नाही. गो भाषेचा 'गोफॉरमॅट' कोडचा अर्थ बदलत नाही, आणि त्याला तेच कोड दुसऱ्यांदा दिलं तर काही बदलत नाही. हा दुसरा गुण फार कामाचा, कारण तो नसेल तर साधन फाइल बदलेल, त्या बदलाने साधन पुन्हा जागं होईल, आणि हे चक्र थांबणार नाही. स्वतःच दुरुस्ती करणाऱ्या लिंटरला मात्र मी सेव्हपासून दूर ठेवतो. नवं मॉड्यूल वापरायचं म्हणून वर त्याचं नाव लिहिलं, सवयीने सेव्ह केलं, आणि खाली ते वापरायच्या आतच लिंटरने 'वापरात नाही' म्हणून ती ओळ काढून टाकली. अर्धवट वाक्य लिहून माणूस विचार करायला थांबला, तर त्याच्या हातातला कागद ओढून शुद्धलेखन सुधारू नये. लिंटरने खूण करावी, हात लावू नये. आणि डेटाबेस किंवा सर्व्हर? तिथे माझं उत्तर 'नाही' असंच आहे, मग तो चाचणीचा सर्व्हर का असेना, कारण चाचणीच्या सर्व्हरसाठी लागलेली सवय खऱ्या सर्व्हरपर्यंत जाते.

ही रेघ माझ्या मनाने काढलेली नाही. संगणकाच्या इतिहासात ती एकदा फार मोठी किंमत देऊन काढली गेली आहे, आणि तेही आपल्या प्रत्येक हिशेबनिसाच्या ओळखीच्या ठिकाणी, स्प्रेडशीटमध्ये. १९७९ साली डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँक्स्टन यांचं व्हिसिकॅल्क आलं. एका चौकोनातला आकडा बदला की त्यावर अवलंबून असलेले सगळे आकडे आपोआप बदलतात. म्हणजे जे प्रोग्रामरला फाइलींबाबत हवं असतं तेच. अँड्री मोखोव्ह, नील मिचेल आणि सायमन पेटन जोन्स यांनी २०१८ मध्ये एका निबंधात एक्सेललाही 'मेक'सारख्या बिल्ड यंत्रणांच्याच रांगेत बसवलं, आणि ते पटण्यासारखं आहे. पगारपत्रकातला महागाई भत्त्याचा दर बदलला की एकूण रकमा बदलतात. गेल्या चाळीसहून अधिक वर्षांत या आपोआप होणाऱ्या गणिताने कोणाचा संगणक लुटला नाही. साधं गणिती सूत्र चुकीचं असू शकतं, पण ते फक्त गणित करतं, बाहेर काही पाठवत नाही, पुसत नाही, बिघडवत नाही. आकडा परत पहिल्यासारखा केला की सगळं परत पहिल्यासारखं.

एक्सेल ज्या ऑफिस संचात येतं, त्याच संचात मॅक्रोही आहेत, म्हणजे फाइलीतच लिहून ठेवलेले छोटे प्रोग्राम. तेही आपोआप चालायचे, फाइल उघडली की. पण मॅक्रो कृती करू शकतो. मार्च १९९९ मध्ये 'मेलिसा' हा विषाणू वर्डच्या फाइलीतून आला. फाइल उघडली की तो आउटलुकच्या पत्त्यांच्या वहीतल्या पहिल्या पन्नास जणांना स्वतःला पाठवायचा. कितीतरी कंपन्यांचे मेल सर्व्हर त्या ओझ्याने बंद करावे लागले. त्यानंतरही दोन दशकं मॅक्रो हा चोरांचा आवडता दरवाजा राहिला, आणि इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतले मॅक्रो आपसूक अडवायचा निर्णय मायक्रोसॉफ्टने २०२२ साली अमलात आणायला घेतला. पेनड्राइव्ह लावताच त्यातला प्रोग्राम स्वतःहून चालवणाऱ्या 'ऑटोरन'चंही तेच झालं. कॉलेजच्या प्रॅक्टिकल लॅबमध्ये आणि झेरॉक्सच्या दुकानात त्या काळी पेनड्राइव्ह लावलेल्यांना आठवत असेल. २००८ मध्ये पसरलेल्या 'कॉन्फिकर'ने ती वाट भरपूर वापरली, आणि २०११ साली मायक्रोसॉफ्टने जुन्या विंडोजवरही यूएसबीसाठी ती बंद केली. एकाच ऑफिस संचात आपोआप गणित करणारं सूत्र निर्धोक ठरलं आणि आपोआप कृती करणारा मॅक्रो घातक ठरला. प्रोग्रामरांनी या उदाहरणाकडे निरखून बघावं, कारण त्यांच्या प्रकल्पात सूत्र आणि मॅक्रो दोन्ही एकाच सेटिंगच्या फाइलीत शेजारी शेजारी लिहिलेले असतात.

आणि इथे आणखी एक गोष्ट येते, जी मॅक्रोइतकीच गंभीर आहे. 'फाइल बदलली' हे यंत्राला कळतं, ती कोणी बदलली ते कळत नाही. मी सेव्ह केली तरी बदलते, सहकाऱ्याचं कोड गिटमधून ओढलं तरी बदलते, एखादं पॅकेज अद्ययावत केलं तरी बदलते. म्हणजे दुसऱ्याने लिहिलेली आज्ञा माझ्या यंत्रावर, माझ्या अधिकाराने, मी काही न विचारता चालू शकते. व्हीएस कोडमध्ये फोल्डर उघडताच एखादं काम सुरू करायची सोय आहे. २०२१ साली त्या एडिटरने फोल्डर उघडताना 'लिहिणाऱ्यावर तुमचा विश्वास आहे का' असं विचारायला सुरुवात केली. बरेच जण त्याला कटकट म्हणतात. मी तिला योग्य जागी बसवलेला दरवाजा म्हणतो. 'डायरेन्व' हे छोटं साधन तर याहून काटेकोर आहे: फोल्डरमधली सेटिंगची फाइल एका अक्षराने जरी बदलली, तरी तुम्ही हाताने पुन्हा परवानगी देईपर्यंत ते ती चालवत नाही. मजकूर बदलला म्हणजे आधीची परवानगी संपली, इतका साधा नियम. हाच नियम सगळ्या साधनांनी घ्यायला काय हरकत आहे?

आता तर सेव्ह करणारा हात माणसाचाच असेल असंही नाही. कोड लिहिणारे एआय एजंट फाइली स्वतः बदलतात, टेस्टचा निकाल वाचतात, आणि तो लाल असेल तर पुन्हा फाइली बदलतात. या फेऱ्यात माणूस नसतो, आणि टेस्टपुरता तो नसला तरी माझी हरकत नाही. उलट चांगल्या टेस्ट असलेल्या प्रकल्पात एजंट जास्त भरवशाचं काम करतो, कारण त्याच्या प्रत्येक बदलाला लगेच उत्तर मिळतं. पण ज्या प्रकल्पात सेव्हच्या मागे डेटाबेस बदलणारी किंवा सर्व्हरवर चढवणारी आज्ञा बांधून ठेवली आहे, तिथे एजंटने गंमत म्हणून करून पाहिलेला बदलही कृती बनून बाहेर पडतो. पूर्वी सेव्ह केल्यामागे निदान एका माणसाचा हेतू असायचा, 'इथवर ठीक आहे' असं त्याला वाटलेलं असायचं. आमच्या सगळ्या साधनांची रचना नकळत त्या हेतूवर उभी होती. तो आधार आता गृहीत धरता येत नाही.

आपल्याकडच्या अभियांत्रिकीच्या शिक्षकांना मला एक विनंती करायची आहे. पहिल्या वर्षी मुलांना हाताने कंपाइल करू द्या, हाताने चालवू द्या, म्हणजे यंत्र काय काय करतं ते त्यांना कळेल. मग त्यांना स्वतःचं एक लहान साधन लिहायला सांगा, जे एका फोल्डरवर लक्ष ठेवेल आणि फाइल बदलली की टेस्ट चालवेल. पन्नासेक ओळींचं काम आहे. एका सेव्हला तीनदा टेस्ट का धावते, व्हिममधून सेव्ह केल्यावर ती का धावत नाही, निकालाची फाइल त्याच फोल्डरमध्ये लिहिल्यावर चक्र का सुरू होतं, हे त्यांना तिथे भेटेल आणि ऑपरेटिंग सिस्टिमची दोन प्रकरणं पाठ न करता समजतील.

आणि जे गट चालवतात त्यांच्यासाठी: तुमच्या प्रकल्पात सेव्ह झाल्यावर काय काय धावतं ती सेटिंगची फाइल या आठवड्यात उघडा आणि सगळ्यांनी मिळून वाचा. ज्या ओळीचा परिणाम परत फिरवता येत नाही, ती तिथून काढा आणि माणसाने स्वतः टाइप करायच्या आज्ञेमागे ठेवा.